ऐनवेळी येणारे विषय

भाद्रपदात आमच्या घरी दोन पाहुणे येतात. एक गणपती, दुसरा साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल. गणपती दीड दिवसाचा. अहवाल फडताळात वर्षभर राहतो. कधी त्याच्यावर चहाचा कप टेकवला जातो, कधी त्याच्या मागच्या पानावर दुधाचा हिशेब होतो. सभासद वडील. मला ऊस बेताचाच कळतो, पण हा अहवाल मी कित्येक वर्षं चवीनं वाचत आलो आहे. नाटकाची संहिता वाचावी तसा, प्रयोगाआधी एकदा आणि प्रयोग पाहून आल्यावर पुन्हा.

प्रयोग म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, ती घ्यावी लागते. लोकसभेचा निकाल असला की बारामतीत वाहिन्यांच्या गाड्या रांगेनं उभ्या राहतात. या सभेला मात्र गावचे वार्ताहर सोडले तर बाहेरचं कोणी फिरकत नाही. माझ्या मते ते चुकतात. बारामती-इंदापुरात संसदीय लोकशाही जर कुठे पाहण्यासारखी रंगत असेल, तर ती कारखान्याच्या मांडवात.

‘संसदीय’ हा शब्द मी मोजून वापरतो आहे. आमच्या गावचा सरपंच थेट लोकांतून निवडायचा की सदस्यांनी निवडायचा, यावर २०१७ पासून महाराष्ट्रानं एवढ्या कोलांट्या मारल्या की मतदारही विसरला. २०१७ ला थेट, २०२० ला पुन्हा सदस्यांतून, २०२२ ला पुन्हा थेट. कारखान्याचं तसं नाही. सभासदानं संचालक निवडायचे, जास्तीत जास्त २१. आणि संचालकांनी आपल्यातूनच चेअरमन निवडायचा. चेअरमनला मंडळाचा विश्वास लागतो, मंडळाला सभेचा. ही वेस्टमिन्स्टरची घडण आहे आणि ती कुणी वेस्टमिन्स्टरहून आणली असं इथल्या कुणालाच वाटत नाही. बारामतीत माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापुरात भवानीनगरचा श्री छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी शंकररावजी पाटील, रेडणीचा नीरा-भीमा. पाच चिमुकली प्रजासत्ताकं शेजारी शेजारी नांदतात.

आता संहिता उघडू. पहिल्या पानांवर फोटो असतात, ते सोडून द्यावेत. अहवालाचा खरा आरंभ सभेच्या नोटिशीपासून होतो, आणि नोटिशीतला सर्वांत सुंदर मजकूर विषयपत्रिकेच्या खाली, बारीक टायपात, ‘टीप’ म्हणून छापलेला असतो. त्याचा आशय असा: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, अर्ध्या तासानं भरेल आणि तिला गणसंख्येचं बंधन राहणार नाही. संसदेला एक दशांश सदस्य हजर लागतात. नसले तर घंटा वाजवून बोलवावे लागतात. आमच्या मांडवात एकोणीस-वीस हजार सभासदांचा कोरम जमवणं अशक्य, हे कायद्याला आधीच ठाऊक आहे. म्हणून त्यानं अर्धा तास दिला आहे. त्या अर्ध्या तासात चहा होतो, लांबची माणसं पोचतात, कुणी आपला मुद्दा कागदावर उतरवून घेतो. मग जी सभा कायद्याच्या डोळ्यांनी भरूच शकत नव्हती, ती भरते. लोकशाहीच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात इतकी प्रामाणिक तळटीप मी वाचलेली नाही.

पहिला विषय: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. त्याच्याकडे शेवटी येऊ.

मधले विषय संसदेच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाची लघुप्रत आहेत. ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक स्वीकारणे. अंदाजपत्रकापेक्षा जादा झालेल्या खर्चास मंजुरी देणे; विधानसभेत याच्या पुरवणी मागण्या होतात आणि त्यांच्यावर मथळे येतात, इथे ते एका ओळीत उरकतं. लेखापरीक्षकांच्या अहवालाची नोंद घेणे, आणि मागच्या वर्षीच्या लेखापरीक्षणाचा दोषदुरुस्ती अहवाल वाचून त्याची नोंद घेणे. हा ‘दोषदुरुस्ती’ शब्द मला फार आवडतो. कॅगच्या अहवालावर लोकलेखा समिती बसते, साक्षी होतात, वर्षं जातात. इथे दोष आणि दुरुस्ती एकाच समासात बसवून टाकली आहे. वाचणारा जाणकार मात्र तिथेच थांबतो, कारण लेखापरीक्षकानं काढलेल्या शंकेला ‘नोंद घेतली आहे’, ‘कार्यवाही सुरू आहे’, ‘यापुढे दक्षता घेण्यात येईल’ अशी तीन प्रकारची उत्तरं असतात, आणि कोणत्या शंकेला कोणतं उत्तर मिळालं यावरून मंडळाचं दुखणं कुठे आहे ते समजतं. माझ्या ओळखीतले एक निवृत्त मास्तर तेवढीच दोन पानं वाचतात. बाकी अहवाल ते नातवाला वह्यांना कव्हर घालायला देतात.

मग विषय येतो गैरहजर सभासदांची अनुपस्थिती क्षमापित करण्याचा. ‘क्षमापित’! हजारो लोक आले नाहीत आणि सभा त्यांना एका ठरावानं क्षमा करून मोकळी होते. विठ्ठलही वारी चुकवणाऱ्याला इतक्या घाईनं क्षमा करत नसावा.

हे सगळं ज्यासाठी, तो आकडा विषयपत्रिकेत कुठेच नसतो. तो म्हणजे भाव. टनाला किती?

केंद्र सरकार रास्त आणि किफायतशीर दर ठरवतं, आपण त्याला एफआरपी म्हणतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला तो टनाला ३,५५० रुपये ठरला. त्यावर उतारा ०.१ टक्का वाढला की टनामागे साधारण साडेचौतीस रुपये वाढतात. यातून तोडणी आणि वाहतूक वजा जाते, मग उरलेलं हातात. ही झाली किमान हमी. त्याच्यावर कारखाना साखर, वीज, डिस्टिलरी, इथेनॉल यांतून जे कमावतो त्यातलं किती वाटायचं, हा खरा राजकीय प्रश्न. पहिली उचल किती, कांडेपेमेंट कधी, दिवाळीला काय, टनामागे ठेव म्हणून किती कापलं. सभेला आलेल्या माणसाच्या खिशात स्वतःच्या उसाचं बिल असतं. त्याला आपले टन ठाऊक आहेत, त्याला फक्त गुणाकार करायचा असतो. दिल्लीच्या अर्थसंकल्पातून माझ्या वाट्याला काय आलं हे मला आजवर सांगता आलेलं नाही. इथे सातवी शिकलेला म्हातारा बोटांवर सांगतो.

आणि त्याच्याजवळ तुलना असते. लोकसभेत पंतप्रधानांना कुणी विचारत नाही की शेजारच्या देशानं कर कमी घेतला, तुम्ही का नाही? इथे पहिला प्रश्नच तो असतो. माळेगावनं किती दिला, सोमेश्वरनं किती, छत्रपतीनं किती. तिघांचंही पाणी नीरेचं, जमीन थोड्याफार फरकानं तीच, ऊसही तोच. मग दरात फरक पडलाच तर तो कारभाराचाच असणार, असं सभासदाचं तर्कशास्त्र. ते पूर्ण बरोबर नाही, कर्जं आणि यंत्रांचं वय वेगळं असतं. पण या तर्कशास्त्रानं चेअरमनची झोप उडते, हे त्याचं मोल.

याची मुळं पाहायला इंदापूर तालुक्याच्या त्या टोकाला जावं. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमाराचा. त्याच्या पाण्यानं बागाईत झालं, आणि १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबजवळच्या माळावर साखर कारखाना आणि त्याच्याभोवती अख्खं वालचंदनगर उभं केलं. नीटस रस्ते, कामगारांच्या चाळी, शाळा. पुढे तिथल्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटचे सुटे भागही झाले. ती कंपनी होती. कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याची मतं जास्त. १९५० साली प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी दुसराच नियम चालवून दाखवला: शेअर कितीही असोत, सभासदाला मत एक. तो नियम घेऊन वालचंदनगरापासून काही मैलांवर भवानीनगर झालं. एकाच तालुक्यात, एकाच पिकावर, शेजारी शेजारी एक संस्थान आणि एक प्रजासत्ताक. दोन्ही गावांच्या नावांतही तो फरक ऐकू येतो. एक मालकाच्या नावाचं, एक देवीच्या.

एवढं बोलून झाल्यावर जगाकडे एक नजर टाकायला हरकत नाही. युरोपात भूमध्य समुद्रात माल्टा नावाचा बेटांचा देश आहे. १९७४ पासून प्रजासत्ताक. क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या बारामती तालुक्याची लोकसंख्या ४ लाख २९ हजार होती, तेव्हा आकाराचा अंदाज यावा. तिथे राष्ट्राध्यक्ष नामधारी, सत्ता पंतप्रधानाकडे, संसद एका सभागृहाची. पक्ष मुख्यत्वे दोन, मजूर आणि राष्ट्रवादी (हो, राष्ट्रवादीच). घराणी पिढ्यान्‌पिढ्या एका पक्षाला बांधलेली. मतदान २०१७ साली ९२ टक्के, २०२२ साली ८५ च्या वर. मतमोजणी एका मोठ्या सभागृहात, आणि पारदर्शक भिंतीमागे उभे राहिलेले पक्षांचे प्रतिनिधी चिठ्ठ्यांचा कल ओळखून ती भिंत हातांनी बडवतात. माळेगावच्या मोजणीला बसलेल्या कुणालाही हे चित्र परकं वाटणार नाही.

माल्टाचा मतदार मतपत्रिकेवर शिक्का मारत नाही, उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितो. मतं एकाकडून दुसऱ्याकडे वाहत जातात आणि जागा साधारण मतांच्या प्रमाणात पडतात. साधारणच. १९८१ साली राष्ट्रवादीला निम्म्याहून जास्त मतं मिळाली आणि ६५ पैकी ३४ जागा मजूर पक्षाला गेल्या. त्यावर वर्षानुवर्षं धुमसत राहिलं आणि १९८७ साली घटना बदलून ठरवलं की बहुमत ज्याचं, सरकार त्याचं.

आमची रीत अगदी उलटी. माळेगावात उत्पादक सभासदांचे गट सहा: माळेगाव, पणदरे, सांगवी, खांडज-शिरवली, निरावागज, बारामती. उमेदवार गटवार, पण मत मात्र प्रत्येक सभासदानं सगळ्या गटांना द्यायचं. शिवाय महिलांच्या दोन जागा आणि इतर राखीव जागा. हातात मतपत्रिकांचा गठ्ठाच येतो. या रीतीत ज्या पॅनेलची लाट दोन बोटं उंच, त्याच्या पदरात जवळजवळ सगळा मंडप. थोडी मतं जास्त, जागा कितीतरी जास्त. माल्टात यावर घटनादुरुस्ती झाली. आमच्याकडे याला ‘पॅनेल निघालं’ म्हणतात आणि पुढच्या कामाला लागतात.

या पार्श्वभूमीवर जून २०२५ ची माळेगावची निवडणूक वाचून पाहा. १९ हजारांवर मतदार, मतदान ८८ टक्क्यांच्या वर, म्हणजे माल्टाच्या तोडीचं. एकीकडे अजित पवारांचं निळकंठेश्वर पॅनेल, दुसरीकडे चंद्रराव आणि रंजन तावरे या ‘गुरु-शिष्यां’चं सहकार बचाव, तिसरीकडे शरद पवारांच्या पक्षाच्या पाठिंब्याचं बळीराजा. मोजणी दीड दिवस चालली. निळकंठेश्वरला २० जागा. विरोधात निवडून आले एकटे चंद्रराव तावरे, सांगवी गटातून. शिष्य पडले, गुरू राहिले. इतक्या शिक्क्यांच्या पावसात एवढ्या एका नावासाठी हजारो हातांनी पॅनेल मोडलं, याला मी या निवडणुकीतलं सर्वांत देखणं वळण म्हणेन. सभासदांनी सत्ता द्यायची ती दिली आणि सभेत उभं राहून बोलणारा एक म्हातारा माणूसही ठेवून घेतला.

अशा एकट्या म्हाताऱ्याचं मोल माल्टानं १९९८ साली पाहिलं आहे. पंतप्रधान आल्फ्रेड सांत यांचं बहुमत एका जागेचं, आणि त्यांच्याच पक्षाचे माजी पंतप्रधान डॉम मिंटॉफ, वय ८१, त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. जुलैत सरकार कोसळलं, सप्टेंबरच्या निवडणुकीत पक्ष हरला. माळेगावात एकामुळे काही कोसळणार नव्हतं. २० विरुद्ध १ मध्ये ते शक्यच नाही. पण एकाला सभेत बोलता येतं.

अजित पवार स्वतः उभे राहिले ते ‘ब’ वर्गातून. हा वर्ग संस्थांचा. सोसायट्यांनी पाठवलेले प्रतिनिधी मत देतात. १०१ मतांपैकी ९१ त्यांना मिळाली. पंतप्रधानानं राज्यसभेतून यावं तसं हे येणं. प्रचारातच त्यांनी चेअरमन मीच होणार असं सांगितलं होतं, आणि जुलैत झालेही. राज्याचे उपमुख्यमंत्री, अर्थमंत्री आणि एका कारखान्याचे चेअरमन तेव्हा एकच होते. रसिक म्हणून सांगतो, इथे माझा रसभंग झाला. मोठा नट लहान भूमिकेत आला की बाकीचे संवाद विसरतात. समोरच्या सभासदाला चेअरमनला भावाचा प्रश्न विचारायचा असतो आणि त्याच्या तोंडून रस्त्याची मागणी बाहेर पडते. पण हेच सभासद लहानखुऱ्या नियमानं मोठ्या नटालाही घरी बसवू शकतात, हेही नोंदवायला हवं. २०१५ साली याच माळेगावात तावऱ्यांच्या पॅनेलनं पवारांकडून सत्ता काढून घेतली होती. त्याच्या काही महिने आधी विधानसभेला याच मतदारांनी अजित पवारांना जवळपास ९० हजारांच्या फरकानं निवडून दिलं होतं. आमदार तुम्हीच, कारखाना मात्र आमचा. २०२० साली तो पुन्हा पवारांकडे दिला.

हा मतदार बाहेरच्यांना उमगत नाही. २०२४ च्या लोकसभेत सुप्रिया सुळे अजित पवारांच्या पक्षाविरुद्ध दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या. बारामती विधानसभा क्षेत्रातही त्यांची आघाडी ४७-४८ हजारांची. सहा महिन्यांत, नोव्हेंबरमध्ये, त्याच क्षेत्रानं अजित पवारांना एक लाखाहून जास्त मतांनी पाठवलं. लोक म्हणतात मत फिरलं. मला वाटतं, ज्याला एका दिवशी गठ्ठाभर मतपत्रिका वेगवेगळ्या हेतूंनी भरायची सवय आहे, त्याला सहा महिन्यांत दोन मतं वेगळी द्यायला फारसं फिरावं लागत नाही.

भवानीनगरचं उदाहरण थोडक्यात. तिथे पृथ्वीराज जाचक हे वर्षानुवर्षं विरोधातलं मोठं नाव. मे २०२५ मध्ये त्यांच्याशीच जुळवून घेऊन अजित पवार आणि इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे यांनी जय भवानीमाता पॅनेल केलं, सगळ्याच्या सगळ्या २१ जागा निघाल्या, आणि जाचक चेअरमन झाले. विरोधी पक्षनेत्यालाच पंतप्रधान करायचं! युती म्हणून चतुर खेळी. सभेच्या दृष्टीनं मात्र प्रश्न विचारणारी खुर्चीच रिकामी झाली. आता प्रश्न विचारायला उरले मांडवातले.

म्हणून अखेर मांडवातच बसू. सभा सुरू होते श्रद्धांजलीनं, संसदेचंही तसंच. मग दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक. विषय वाचला जातो आणि पुढच्या चार-पाच रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर उठतो. त्या रांगा कुणाच्या हे सर्वांना माहीत असतं. मागून कुणी तरी ओरडतं, ‘अहो, वाचू तरी द्या!’ माईक मागितला जातो, दिला जात नाही, मग दिला जातो. बायका मांडवात थोड्या; शेअर नावावर असूनही बहुतेकींच्या नावाची नोटीस घरातलाच कुणी उघडतो. इथवरचं सगळं बांधीव असतं. नाटक माहीत असलेल्यानं या वेळी जांभई द्यावी.

खरा रंग भरतो शेवटच्या विषयावर. त्याची भाषा कारखाना कुठलाही असो ठरलेली: मा. अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर विचार करणे. याच ओळीतून सभा मोकळी होते. कुणी गेटकेनचं काढतं: बाहेरचा ऊस आधी आला आणि सभासदाचा आडसाली फडातच वाळला, हे कसं? कुणी वजनकाट्याचं. कुणी टोळीवाल्यानं एकरामागे मागितलेल्या पैशांचं. चेअरमन हसून ‘तात्या, ऑफिसला या, बसून बोलू’ म्हणतात, आणि तात्या माईक न सोडता म्हणतात, ‘ऑफिसात तुम्ही साहेब. इथं मी मालक. इथंच बोला.’ कुठल्याही संसदेतला तारांकित प्रश्न मला यापेक्षा टोकदार वाटलेला नाही. चेअरमनला उत्तर द्यावं लागतं, चिटणीस मागून कागद सरकवतो, आकडा जुळत नाही, मंडपात हशा होतो. पाऊण तास, कधी तास. मग आभार, राष्ट्रगीत, जेवण.

आणि पुढच्या भाद्रपदात नवा अहवाल घरी येतो. मागच्या सभेचं इतिवृत्त शोधून मी ते आधी वाचतो. तासाभराच्या त्या सगळ्या वादळाची तिथे एक ओळ असते: सविस्तर चर्चा होऊन विषय सर्वानुमते मंजूर. सभेच्या दिवशी पहिला विषय पुकारला जातो, इतिवृत्त वाचून कायम करणे, पुढच्या रांगा ‘मंजूर’ म्हणायला तोंड उघडतात, आणि मागून तात्या उठतात. अहवालाची घडी हातात, त्या ओळीवर अंगठा.

‘मी बोललो ते यात कुठाय?’